खाडीकाठची जमीन आणि दादाचा धक्का

मेरीलँडचा आमचा दादा (चुलतभाऊ) यंदा भिवंडीला आला तो डोक्यात एक खूळ घेऊनच. काल्हेरच्या पुढे खाडीला लागून आजोबांची थोडी खारजमीन आहे ना, तिथे छोटं घर, पुढे लाकडी धक्का आणि बाजूला बोटीसाठी छप्पर... थेट त्याच्या तिकडच्या घरासारखं! सगळ्या वारसांच्या सह्या लागणार, त्यामुळे घरात बरेच वाद झाले. प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा माझं म्हणणं इथेच लिहिते.

आधी पाण्याचं बघू. दादाकडे, अ‍ॅनापोलिसला, भरती-ओहोटीत फरक जेमतेम फूटभर. खांब ठोकले, फळ्या टाकल्या, की बोट कायम दाराशी. आपल्याकडे मुंबईला उधाणात पाणी साडेतीन-चार मीटर चढतं-उतरतं. तीच भरती वसईच्या खाडीतून उल्हास नदीत शिरते आणि पार कल्याणपर्यंत जाते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. ओहोटीला काठाशी पाणी कुठलं? चिखल आणि त्यात उड्या मारणाऱ्या निवट्या! दादाची बोट दिवसातून दोनदा गाळात बसायची.

"पण जमीन आपली आहे ना?" हा दादाचा प्रश्न. आहे, पण बांधापर्यंतच. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे भरतीरेषेखालचा खाडीचा तळ सरकारचा. गंमत म्हणजे मेरीलँडमध्येही भरतीच्या पाण्याखालची जमीन राज्याचीच असते. काठावरच्या मालकाला पाण्यापर्यंत पोचायला धक्का बांधण्याचा हक्क असतो, तोही परवाना काढून. इथे सीआरझेडचे नियम १९९१ पासून आहेत. २०१९ च्या अधिसूचनेनुसार खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतकं अंतर, यातलं जे कमी असेल ते धरतात. शिवाय समोर तिवरं आहेत. ती तोडायला उच्च न्यायालयाची मनाई आहे.

पण खरं सांगू? कायद्यात एखादी वाट सापडली असती, तरी मी सही केली नसती.

आपल्या बांधावरून पाण्याकडे जी पायवाट उतरते ती सातबाऱ्यावर नाही, पण आजोबांच्या आधीपासून आहे. खाली चिखलात खुंटे रोवलेत, त्यांना चार-पाच होड्या बांधलेल्या असतात. कुणाचा खुंटा कुठला हे सगळ्यांना ठाऊक. पावसाळा आला की सगळे मिळून होड्या उधाणाच्या पाण्यावर वर घेतात, ओढून बांधाशी लावतात आणि झावळ्यांनी शाकारतात. नारळी पौर्णिमा झाली की छप्पर गेलं, होडी पाण्यात! आमच्याकडचं बोटघर म्हणाल तर हेच. त्याला ना मालक, ना कुलूप. दादाच्या घराला कंपाउंड येणार, कंपाउंडला गेट येणार... मग चिंबोऱ्या-बोईट घेऊन वर येणारी माणसं कुठून येणार?

आजूबाजूला बघा. एकीकडे गोदामं, दुसरीकडे खाडी दिसणारे टॉवर. भराव टाकत टाकत काठ बंद होत चाललाय. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यावर इथल्याच खाड्यांत जहाजं बांधायला सुरुवात केली. २०१६ च्या कायद्याने ही खाडी राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ झाली. म्हणजे पाणी देशाचं, आणि आपल्याच गावच्या माणसाला पाण्यापर्यंत वाट नाही, असं व्हायचं!

दादाची हौस मला कळते. तीस वर्षं लांब राहिलेल्या माणसाला गावात पाण्याकाठी आपली जागा हवीशी वाटणारच. म्हणून माझं म्हणणं एवढंच : घर बांधायचं तर मागे, गावठाणात बांधूया. आणि खर्च करायचाच असेल तर बांधावरच्या खचलेल्या पायऱ्यांवर करूया, रीतसर विचारून. त्या पायऱ्यांवरून दादाही उतरेल आणि टोपली घेतलेल्या मावश्याही.

काका, आत्या, तुमचं मत कळवा. अजून कुणीच सही केलेली नाही.