अर्धी खरवडलेली तार

सेफ्टी पिनांच्या मोटरचं सगळं गुपित तारेच्या एका टोकात असतं. बाकी सामान कुठल्याही घरात निघेल: दीड व्होल्टचा सेल, दोन सेफ्टी पिना, त्या सेलच्या दोन्ही टोकांना आवळून धरणारा रबर आणि बिघडलेल्या स्पीकरातून काढलेलं चपटं चुंबक. तार तेवढी वाइंडिंगच्या दुकानातून मागून आणायची. ती सेलभोवतीच आठ-दहा वेढे गुंडाळली की वेटोळं तयार होतं. त्याची दोन टोकं समोरासमोर बाहेर काढून पिनांच्या भोकांत अडकवली की झोपाळ्याची कडी अडकवल्यासारखं ते खाली चुंबक, वर हवा असं लोंबत राहतं.

आता ते टोक. वाइंडिंगच्या तांब्यावर इनॅमलचा पातळ थर असतो, त्यातून वीज जात नाही. एका टोकावरचा थर ब्लेडने गोल फिरवून पूर्ण काढायचा. दुसऱ्या टोकावरचा मात्र अर्धाच. तोही कसाही नाही. वेटोळं उभं धरायचं आणि टोकाची फक्त वरची बाजू खरवडायची, खालची तशीच राहू द्यायची. मग पिनांत ठेवून बोटाने हलकी टिचकी मारली, की ते भिरभिरायला लागतं.

माझ्या भाचीने वेटोळं टेबलावर आडवं ठेवून खरवडलं होतं. खरवडायला तेच सोयीचं. टिचकीवर टिचक्या मारून झाल्या, सेल बदलून झाला, चुंबक उलटं करून झालं. "मावशी, हे नुसतं थरथरतंय गं." मी उत्तर सांगणार होते, पण तेवढ्यात तिने वेटोळं हातात धरून सावकाश फिरवायला सुरुवात केली. उघडं तांबं पिनेला नेमकं केव्हा टेकतं हे ती बघत होती, म्हणून मी गप्प बसले.

वीज वाहिली की वेटोळं चुंबक होतं आणि खालच्या चुंबकाशी जुळवून घ्यायला वळतं. जुळलं की संपलं. वीज तशीच वाहत राहिली तर ते तिथेच अडतं. म्हणून जुळण्याच्या क्षणी वीज तुटावी लागते. इनॅमलची बाजू पिनेवर येते, वीज तुटते, उरलेली अर्धी फेरी वेटोळं आपल्याच वेगात मारतं आणि पुन्हा तांबं टेकतं. वेटोळं उभं असताना चुंबकाचा पीळ सगळ्यात जास्त असतो, तेव्हा वीज हवी. आडवं ठेवून खरवडलं तर ती भलत्याच वेळी मिळते आणि पुढे ढकललेलं मागे ओढलं जातं. कोपनहेगनमध्ये ओर्स्टेडने विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई हललेली पाहिली ती 1820 साली, आणि पुढच्याच वर्षी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेल्या फॅरेडेने पाऱ्यात बुडवलेली तार चुंबकाभोवती गोल गोल फिरवून दाखवली. भाची मात्र तारेचं टोक डोळ्याशी धरून बसली होती. तिला त्या दोघांशी काही देणंघेणं नव्हतं.

हल्ली या मोटरचे तयार किट मिळतात. त्यांतल्या काहींत तार आधीच खरवडून दिलेली असते. किटवाल्यांनी यात नेमकं काय विकलं, असा मला प्रश्न पडतो! विज्ञान प्रदर्शनात थर्माकोलच्या पाटीवर रंगीत अक्षरांत नाव लिहिलेली, पालकांनी रात्री जागून जोडलेली यंत्रं फिरतात ती अशीच.

अरविंद गुप्तांच्या पुस्तकांत ही मोटर आहे. आयआयटी कानपूरचे हे अभियंते पुण्यात टेल्कोत नोकरीला होते. 1978 साली ते मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात गेले आणि आठवडी बाजारात सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी त्यांच्या नजरेस पडली. तिच्या तुकड्यांत आगपेटीच्या काड्या खोचून त्यांनी आकार जोडले. काड्यांचा चौकोन बोटाने दाबला की कलतो, त्रिकोण काही केल्या कलत नाही. पुलाच्या लोखंडात सगळीकडे त्रिकोण का, याचं उत्तर सहावीतल्या मुलाच्या बोटांना कळतं. पुढे पुण्यातच आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊतून खेळण्यांचा कारखानाच काढला. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यांचं मला आवडतं ते हे की ती मोडली तर कोणी ओरडत नाही.

त्यातलंच एक म्हणजे तरंगती पेन्सिल. जुन्या रबरी चपलेच्या तळव्यात गोल चुंबकं खोचायची, पेन्सिलीला दोन चुंबकांची कडी घालायची, की पेन्सिल हवेत आडवी तरंगते. फक्त तिचं टोक समोर उभ्या केलेल्या टाकाऊ सीडीला टेकलेलं असतं. सीडीचा तेवढा आधार पाहणाऱ्याला खुपतो, ही लबाडी वाटते. पण सॅम्युअल अर्नशॉ या इंग्लिश गणितज्ञाने 1842 सालीच सिद्ध केलं होतं की नुसत्या स्थिर चुंबकांच्या जोरावर वस्तू अधांतरी स्थिर राहू शकत नाही. कुठल्या तरी एका दिशेला ती घसरणारच. पेन्सिलीची ती दिशा सीडीने अडवलेली असते. हे कितीही नीट समजावून सांगितलं तरी प्रत्येक जण एकदा सीडी काढून बघतोच, आणि पेन्सिल पुढे उडी मारून तळव्यातल्या चुंबकाला जाऊन चिकटते.