आधी नळ, मग बॉयलर

इंग्लंडमध्ये जुनं घर घेतलेला देशी माणूस पहिल्या हिवाळ्याआधी एका प्रश्नापाशी येतोच. बॉयलर कुठला घ्यायचा?

आमचं घर रेडिंगमधलं. विटांचं, दोन बेडरूमचं, शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत, वय शंभरच्या वर. सप्टेंबरमध्ये सर्व्हिसवाल्याने जुना बॉयलर "ह्याचे पार्ट आता मिळत नाहीत" म्हणून निकालात काढला. फेब्रुवारीत बाळ येणार, त्याआधी जानेवारीत सांगलीहून आई येणार. म्हणजे तेल लावून बाळाचं न्हाणं, बाळंतिणीला कढत पाणी, आणि बाहेर शून्य डिग्री. डेडलाइन पक्की आणि स्कोप वाढता, ऑफिससारखंच :)

कोटेशन द्यायला एका कंपनीचा माणूस आला. रेडिएटर मोजले, चहा घेतला आणि ३५ किलोवॅटचा कॉम्बी बॉयलर सुचवला. कॉम्बी म्हणजे टाकी नाही, साठवण नाही; नळ सोडला की मेनचं पाणी जाता जाता गरम होतं. वर सिलिंडरचं कपाटही मोकळं होईल म्हणाला. सगळं छान. फक्त ह्या माणसाने घरातला एकही नळ उघडून बघितला नव्हता.

आता जरा बारावीचं फिजिक्स. एक लिटर पाणी एक डिग्रीने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात. इथल्या ब्रोशरमध्ये साधारणपणे तापमान ३५ डिग्रीने वाढवायचं धरून आकडा देतात. त्या हिशेबाने २४ किलोवॅटचा बॉयलर मिनिटाला जेमतेम १० लिटर देतो, ३० चा १२, आणि ३५ चा १४. पण हे १४ लिटर बॉयलर तयार करत नाही हो, ते रस्त्यातून यावे लागतात! घरात ९ च येत असतील तर उरलेल्या किलोवॅटचे पैसे भिंतीवर टांगून ठेवायचे. हीटिंगसाठी म्हणाल तर एवढ्याशा घराला १० किलोवॅटसुद्धा पुष्कळ होतात. मोठा आकडा असतो तो आंघोळीच्या पाण्यासाठी.

मग मी बादली घेतली. स्वयंपाकघरातला गार पाण्याचा नळ पूर्ण सोडायचा, फोनवर एक मिनिट लावायचं आणि पाणी मोजायचं. रविवारी दुपारी ९ लिटर. सोमवारी सकाळी साडेसातला साडेसहा! कारण रस्त्यातून येणारा बारीक जुना पाइप आमचा आणि शेजाऱ्यांचा सामायिक आहे. त्यांनी शॉवर सोडला की आमचं पाणी कमी.

मजा म्हणजे बागेतल्या नळाला लावलेला गेज अडीच बार दाखवत होता. पण तो नळ बंद असतानाचा दाब. स्वयंपाकघरातला नळ सोडला की काटा एकच्या खाली. नुसता दाब बघणं म्हणजे पिंग चांगला आला म्हणून डाउनलोडही जोरात होईल असं समजणं. बॉयलरला दोन्ही लागतं, आणि तेही पाणी वाहत असताना. ऑफवॉट ह्या इथल्या नियामकाची मोजपट्टीच मुळी १० मीटर उंचीइतका दाब आणि मिनिटाला ९ लिटर अशी आहे. म्हणजे पाणी कंपनीशी भांडायला जागाच नाही. ती आपलं काम करतेय.

रस्ते दोन होते. एक, पुढचं अंगण खणून २५ मिलिमीटरचा स्वतंत्र प्लॅस्टिक पाइप टाकायचा. आपल्या हद्दीतला खर्च आपला, रस्त्यातली जोडणी कंपनीची, आणि तारीख त्यांच्या सवडीने. दोन, साठवण ठेवायची.

साठवण म्हटल्यावर मला आमची सांगलीची गच्ची आठवली. पाणी यायच्या वेळेला यायचं, टाकी भरायची आणि दिवसभर पुरायची. बारीक धार असली तरी टाकीमुळे कोणाचं अडत नसे. इथे माळ्यावर तीच टाकी आहे, आणि खाली कपाटात १२० लिटरचा तांब्याचा सिलिंडर. इथले लोक त्याला जुनाट म्हणून काढून टाकतात. आमच्या पाण्याला मात्र तोच बरोबर आहे. तोटाही आहेच. १० मीटरला साधारण १ बार ह्या हिशेबाने शॉवरच्या तीन मीटर वर असलेली टाकी ०.३ बारच देते, म्हणजे शॉवर मिळमिळीत. पण जाड पाइपामुळे टबाच्या नळाखाली बादली झकास भरते. (थेट मेनवर पंप बसवावा म्हणाल, तर मिनिटाला १२ लिटरच्या वर खेचणारा पंप कंपनीला विचारल्याशिवाय चालत नाही. लाइनला मोटर लावणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

शेवटचा कौल बायकोने दिला. "बॉयलर बंद पडला तर?" सिलिंडरमध्ये विजेचा इमर्शन हीटर आहे, बॉयलर रुसला तरी पाणी तापेल. कॉम्बी बंद पडला की हीटिंग आणि गरम पाणी दोन्ही एकदम बंद. घरात पंधरा दिवसांचं बाळ असताना हा मुद्दा कपाटातल्या जागेपेक्षा मोठा होता. पाणी ६० डिग्रीला साठवायचं, म्हणजे लिजिओनेलाचे जंतू वाढत नाहीत, आणि बाळासाठी विसण घालायचं.

आता दुसरं पाणी, रेडिएटरमधलं. ते वर्षानुवर्षं तेच फिरत असतं. आमच्या एका रेडिएटरमधून कपभर काढलं तर शाईसारखं काळं! लोखंड गंजून झालेला मॅग्नेटाइटचा गाळ. नवा बॉयलर ह्या पाण्याला जोडला तर त्यातल्या बारीक वाटा तुंबतात. म्हणून आधी सगळी सिस्टिम धुऊन घ्यायची, गंजरोधक औषध घालायचं आणि परतीच्या पाइपवर चुंबकाचा फिल्टर बसवायचा. गार असताना दाब १ ते दीड बार, सेफ्टी व्हॉल्व्ह ३ बारला उघडतो, आणि तापून फुगलेलं पाणी एक्स्पान्शन व्हेसल सामावून घेते. ज्या लवचिक नळीने पाणी भरतात ती भरून झाल्यावर सोडवून ठेवायची, कारण १९९९ च्या नियमांनुसार हे घाण पाणी पिण्याच्या पाण्याकडे उलटं जाण्याची शक्यताही ठेवायची नाही. आणि दर आठवड्याला दाब भरावा लागत असेल तर कुठेतरी गळतंय. प्रत्येक ताज्या पाण्याबरोबर नवा ऑक्सिजन, म्हणजे नवा गंज.

शिवाय रेडिंगचं पाणी खडूच्या डोंगरातलं, जड. किटली बघा, कळेल. २०० पीपीएमच्या वर जडपणा असेल तर कॉम्बीच्या गरम पाण्याच्या वाटेवर क्षार रोखायची सोय करावी लागते. कोटेशनमध्ये तेही नव्हतं.

तर, घर घेतलेल्या मित्रांनो, कोटेशन मागवायच्या आधी बादली आणि घड्याळ घ्या. एकदा दुपारी मोजा, एकदा सकाळी. जोडणी मात्र गॅस सेफ नोंदणी असलेल्या माणसाकडूनच. तिथे आपली इंजिनियरिंगची डिग्री चालत नाही. आमच्याकडे १८ किलोवॅटचा बॉयलर पुढच्या मंगळवारी लागतोय. आईला फोनवर सांगितलं, तर तिने एकच विचारलं, "बादली आहे ना रे तिकडे, का मी आणू?"