जुने दप्तर, नवी यंत्रे

कराडच्या पेठांतून हिंडताना, ज्या फॉक्सप्रो या डेटाबेस सॉफ्टवेअरवर आपल्याकडील कित्येक लहान पतसंस्थांची कीर्द-खतावणी वर्षानुवर्षे बिनतक्रार चालली, त्याचा कैवार घ्यावा की कोणत्याही यंत्रावर चालणाऱ्या नव्या प्रणालींचा, हा प्रश्न आज पुन्हा मनात घोळत राहिला. अखेरीस विंडोजपुरत्याच उरलेल्या फॉक्सप्रोची पुढील आवृत्ती निघणार नसल्याचे मायक्रोसॉफ्टने २००७ साली जाहीर केले आणि २०१५च्या जानेवारीत उरलासुरला आधारही काढून घेतला.

परंतु जुने ते सारे यंत्रबद्ध, हा समज मला मुळीच मान्य नाही. आयबीएमने १९८८ साली आणलेल्या एएस/४०० या संगणकावरील आज्ञावली एका मध्यस्थ रूपात जतन होत असल्यामुळे, १९९५ साली ४८ बिटांचा प्रोसेसर जाऊन ६४ बिटांचा आला, तेव्हा त्यांतील बहुतेक पुन्हा न लिहिताच नव्या यंत्रावर चालू लागल्या. त्याच वर्षी अवतरलेल्या जावा या भाषेने कोणत्याही यंत्रावर चालण्याचे जे अभिवचन जगाला दिले, त्याचा हा केवढा भव्य पूर्वप्रत्यय!

तथापि ऊस उत्पादकाला पतसंस्थेतील आपल्या ठेवीचा तपशील आता मोबाइलवर हवा, आणि तो त्याचा हक्कच आहे. म्हणून जिथे निर्माता पाठीशी उभा आहे, तिथे हिशेबाचा गाभा अबाधित राखून केवळ दर्शनी दालन नव्याने बांधावे, असे माझे मत आहे. फॉक्सप्रोतील दप्तर मात्र, ते वाचू शकणारी जाणती माणसे कचेरीत आहेत तोवरच, बाहेर काढून घेतले पाहिजे.