चहादाणीच्या तळावरची नावे

१/८
चांदीची जुनी चहादाणी हाती आली, की जाणकार आधी ती उलटी करून पाहतात. ती कोठे, केव्हा आणि कोणी घडवली, याचा पुरावा बहुधा तळावरच्या बारीक शिक्क्यांत असतो.

२/८
इंग्लंडमध्ये धातूच्या १०० भागांत ९२.५ भाग शुद्ध चांदी असल्याची ग्वाही चालत्या सिंहाचा शिक्का देई. शेजारी तपासणी-कार्यालयाची खूण, वर्षदर्शक अक्षर आणि कारागिराची आद्याक्षरे असत. न्यूकॅसलची खूण तीन किल्ल्यांची होती.

३/८
१७७३ पूर्वी बर्मिंगहॅममध्ये अशी तपासणी होत नसे. तेथील उद्योजक मॅथ्यू बोल्टन यांना आपली भांडी चेस्टरला पाठवावी लागत आणि ने-आणीत माल खराब होई. शेफील्डच्या कारागिरांचीही तीच अडचण होती. दोन्ही शहरांनी संसदेकडे दाद मागितली आणि १७७३ मध्ये कार्यालये मिळवली. समुद्रापासून दूर असलेल्या बर्मिंगहॅमला खूण लाभली ती मात्र जहाजाच्या नांगराची!

४/८
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातील कारागीरही इंग्रज गिऱ्हाइकांसाठी चहादाण्या घडवू लागले. पुण्याच्या कामात घाट विलायती, पण अंगावर उठावाच्या देवदेवता असत. राळेच्या आधारावर पत्रा ठेवून, तो आतून ठोकून आकृती फुगवायच्या आणि बाहेरून बारीक छिन्नीने रेखायच्या, अशी ही रीत.

५/८
चांदी फार लवकर तापते. म्हणून मुठीच्या सांध्यांत हस्तिदंताच्या चकत्या बसवत. चहा ओतणाऱ्याचा हात त्यामुळे पोळत नसे.

६/८
मात्र येथे इंग्लंडसारखी सक्तीची तपासणी नव्हती. भुजचे उमरसी मावजी आपल्या कामावर आद्याक्षरे उमटवीत. पुण्याचे हिरप्पा बुचेना यांचेही नाव टिकले. इतर असंख्य कारागिरांचे काम आज केवळ ‘पुण्याचे’ वा ‘कच्छचे’ म्हणून ओळखले जाते.

७/८
भारतात चांदीसाठी हॉलमार्कची अधिकृत व्यवस्था २००५ मध्ये सुरू झाली. तीही प्रामुख्याने शुद्धतेची हमी देते. जुन्या कारागिरांची ओळख पटवायची, तर त्यांनी घडवलेल्या वस्तूच जपायला हव्यात.

८/८
महागाव असो वा पुणे, चांदीचा भाव चढला की घरातील जुनी भांडी मोडीत निघतात. तराजूवर धातूचे वजन तेवढे कळते. भांडे मुशीत गेल्यावर चांदी शिल्लक राहते. तळावरचे नाव मात्र कायमचे पुसले जाते. म्हणून मोड देण्यापूर्वी भांडे एकदा उलटे करून पाहावे आणि शिक्का दिसल्यास त्याचे छायाचित्र तरी घ्यावे.