चूक कोणाची, ते कोणी विचारत नाही

आयरेसिंगवर खातं उघडलं की तुम्हाला दोन आकडे मिळतात. एक आयरेटिंग. ते बुद्धिबळातल्या एलोसारखं असतं, कोणाला हरवलं आणि कोणाकडून हरलात यावर वरखाली होणारं. दुसरं सेफ्टी रेटिंग. ते २.५० पासून सुरू होतं, ४.९९ च्या वर जात नाही आणि शर्यतीत तुम्ही कितवे आलात याच्याशी त्याला काहीही देणंघेणं नसतं. तुम्ही किती वळणं घेतलीत आणि त्यात किती वेळा गडबड झाली, एवढंच ते मोजतं. चारही चाकं ट्रॅकबाहेर गेली, एक पॉइंट. गाडी गरकन फिरली, दोन. दुसऱ्या गाडीला जोरात लागली, चार.

खरी मेख या चारमध्ये आहे. धडक झाली की दोघांनाही चार. मागून येऊन तुम्हाला कोणी उडवलं तरी त्याला चार आणि तुम्हालाही चार. मुद्दाम ठोकणाऱ्याची तक्रार करता येते, त्याच्यावर कारवाईही होते, पण तुमचे चार परत मिळत नाहीत. चूक कोणाची, हा प्रश्न सिस्टीम विचारतच नाही.

सॉफ्टवेअरवाला म्हणून मला हे डिझाइन पहिल्यापासून आवडतं. डेव्ह केमर आणि जॉन हेन्री (लिव्हरपूलच्या चाहत्यांना हे नाव माहीत असेल, तोच हा) यांनी उभी केलेली ही सेवा २००८ मध्ये सुरू झाली. दिवसभरात तिथं इतक्या शर्यती होतात की प्रत्येक धडकेचा निवाडा करायचा म्हटलं तर एक अख्खं हायकोर्ट लागेल. त्यापेक्षा निवाडा करायचाच नाही. एखाद्या शर्यतीत तुमच्यावर अन्याय होईल, पण पन्नास शर्यतींत प्रत्येक वेळी तुम्हीच मध्ये सापडत असाल, तर तो आकडा तुमच्याबद्दलच काहीतरी सांगतोय.

माझ्या मामेभावाला हे डिझाइन अजिबात आवडलं नाही. त्याच्याकडे तसं कारण होतं.

तो वीस वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. कॉलेज जवळ पडतं म्हणून आमच्याकडे त्रिमूर्तीनगरला राहतो. गेल्या जुलैत तो मित्राच्या मागे बाइकवर बसून रिंग रोडने येत होता. पावसाची भुरभुर होती. डाव्या बाजूच्या कारने इंडिकेटर न देता एकदम उजवीकडे वळण घेतलं. याचं खांद्याजवळचं हाड मोडलं. मित्राच्या पायात रॉड टाकावा लागला, त्याचं एक वर्ष गेलं आणि तो अजून लंगडतो. चूक कारवाल्याची होती. पोलिसांनी तेच लिहिलं, खुद्द कारवालाही तेच म्हणाला. मामाने मात्र स्वतःच्या मुलाच्या बाइकची चावी काढून घेतली आणि कपाटात ठेवली.

"चूक त्याची होती ना, बाबा!"

"मी कुठं नाही म्हणून राहिलो? पण तो वळणार हे तुमाले काहून नाही दिसलं?"

या संवादाच्या तीन-चार आवृत्त्या मी ऐकल्या आहेत. प्रत्येक वेळी भाऊ खोलीत निघून जायचा.

डॉक्टरांनी हात मोकळा केल्यावर तो माझ्या लॉजिटेकच्या जुन्या व्हीलवर बसायला लागला. टेबलाला क्लॅम्प केलेलं जी-२९, बाजूला कुलरची घरघर, समोर माझा ऑफिसचा मॉनिटर. दहा दिवसांत तो माझ्यापेक्षा वेगवान झाला. हे मी कौतुकाने सांगतोय. माझदा एमएक्स-५ मध्ये तो एकटा पळत असला की माझ्यापेक्षा फेरीला पाऊण सेकंद कमी घ्यायचा. आणि त्याच दहा दिवसांत त्याचं सेफ्टी रेटिंग २.५० वरून १.६२ वर आलं. प्रत्येक शर्यतीनंतर तो खुर्ची फिरवून रिप्ले दाखवायचा आणि तेच वाक्य म्हणायचा, "दादा, चूक त्याची होती." बहुतेक वेळा त्याचं बरोबरही असायचं. वीस पोट्ट्यांच्या रुकी शर्यतीत कोणी ना कोणी भैताड असतोच.

आमच्या विदर्भात शर्यत म्हणजे शंकरपट. बैलजोडी सुटते आणि सेकंदांशी पळते. दुसऱ्याची जोडी सहसा तिच्या वाटेत येत नाही. एकट्याने वेगवान फेरी मारणं हा तसाच प्रकार आहे. रेसक्राफ्ट म्हणतात ते वेगळं, ते इतर गाड्यांच्या गर्दीत पळण्याचं कसब. ते फेरीच्या वेळेत दिसत नाही.

सुरुवात आम्ही पहिल्या वळणापासून केली, कारण त्याचे निम्मे पॉइंट तिथंच जात होते. ओकायामाचं उदाहरण घ्या. जपानमधला हा ट्रॅक, १९९४ आणि १९९५ मध्ये तिथं फॉर्म्युला वनही झाली होती. सरावात तुम्ही एका ठरलेल्या खुणेला ब्रेक लावता. शर्यतीच्या सुरुवातीला मात्र पहिला गाडीवाला थोडा सावध असतो, जरा आधी दाबतो. दुसऱ्याला त्याच्याही आधी दाबावा लागतो, तिसऱ्याला अजून आधी. असं साखळीने मागे येत येत चौदाव्या गाडीपर्यंत ती खूण कित्येक मीटर मागे सरकलेली असते. चौदावा जर आपल्या सरावाच्या खुणेवर अडून बसला, तर तो तेराव्याच्या डिकीत जाणारच. तेव्हा तेराव्याने "फार लवकर" ब्रेक लावला असं म्हणण्यात काही अर्थ नसतो. म्हणून नजर पुढच्या गाडीच्या बंपरवर ठेवायची नाही, तिच्याही पुढच्या दोन गाड्यांच्या ब्रेकलाइटवर ठेवायची.

दुसरी गोष्ट नागपूरची स्वतःची. आमच्याकडून सर्व्हरपर्यंतचा पिंग दोनशे मिलिसेकंदांच्या खाली क्वचित येतो. ताशी १५० किलोमीटर वेगाने गाडी दोनशे मिलिसेकंदांत आठ मीटरहून जास्त जाते, म्हणजे एमएक्स-५ च्या दोन लांब्या. तुमच्या पडद्यावर दिसणारी पुढची गाडी ही खरं तर सॉफ्टवेअरचा अंदाज असतो. शेवटचा पॅकेट आला तेव्हा ती इथं होती, या वेगाने निघाली होती, तेव्हा आता ती इथं असेल. ती सरळ जात राहिली तर अंदाज बरोबर येतो. तिने अचानक ब्रेक दाबला की अंदाज चुकतो आणि तुम्ही हवेला धडकता. हवेला धडकण्याचेही चार पॉइंट. यावर तांत्रिक उपाय फारसा नाही, अंतर ठेवणं एवढाच. भावाला मी कागदावर गणित करून दाखवलं, तेव्हा कुठं तो ऐकायला लागला. आमच्या घराण्यात कोणी नुसत्या सांगण्याने ऐकत नाही.

मग त्याने शॉर्टकट शोधला. पिटमधून सुरुवात करायची, सगळे पुढे गेले की एकट्याने मागे मागे फिरायचं, वळणं मोजून घ्यायची. रेटिंग चढतं. आठवड्याभरात तो २.४ वर आला आणि त्याचा चेहरा कर विवरण भरणाऱ्या माणसासारखा झाला. पुष्कळ लोक हे करतात, नियमात बसतं. पण असं केल्याने आकडा सुधारतो, माणूस तिथंच राहतो. ज्या दिवशी गर्दीत जाल त्या दिवशी परत १.६२. मी त्याला ते बंद करायला लावलं.

त्या काळात मामा दर रविवारी यायचा. मामा एसटीत चालक होता, गणेशपेठ डेपो, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. सगळ्यात जास्त वर्षं चंद्रपूरच्या रोडवर काढली. एसटीत पंचवीस वर्षं विनाअपघात सेवा झाली की चालकाचा सत्कार होतो. तसा मामाचाही झाला, फोटो हॉलमध्ये टीव्हीच्या वर आहे. आम्ही सेफ्टी रेटिंगबद्दल इतकं बोलत होतो आणि घरातच एक पंचवीस वर्षांचं रेटिंग फ्रेम करून लावलेलं होतं, हे माझ्या जरा उशिराच लक्षात आलं.

सुरुवातीला त्याने व्हीलकडे खेळणं म्हणून पाहिलं. मग एकदा चहा घेता घेता रिप्ले बघत उभा राहिला. दुसऱ्या मिनिटाला म्हणाला, "थांबव. ह्या लाल गाडीले पाह्य. दोनदा डावीकडं मान टाकली तिनं. तो घुसून राहिला." तीन सेकंदांनी लाल गाडी डावीकडून घुसली. भाऊ उठून बसला. त्यानंतर दर रविवारी मामा रिप्ले थांबवायचा आणि कोण काय करणार ते सांगायचा. दहापैकी सात वेळा बरोबर. एमएक्स-५ त्याने जन्मात पाहिली नव्हती.

पंचवीस वर्षं कशी काढली असं मी विचारलं तर आधी "नशीब" म्हणाला. मग म्हणाला की समोरच्या बाजूला थांबलेली एसटी दिसली की तिच्या मागून माणूस रस्त्यात येतो. शंभरातल्या नव्याण्णव वेळा कोणी येत नाही. तरी येतोच असं धरून गिअर खाली टाकायचा. आणि वर पन्नास प्रवासी, वेळेचं कोष्टक, त्यामुळे सगळ्यांच्या मागे राहून चालवायची सोयही नव्हती.

इथं मला थोडं थांबून एक गोष्ट सांगायची आहे, कारण हे सगळं फार गोड वाटायला लागलंय. गेममध्ये अंगाला काही लागत नाही, तेव्हा जिवाच्या भीतीने माणूस सावध राहतो हा हिशेब तिथं चालत नाही. २०२० च्या लॉकडाउनमध्ये इंडीकारच्या व्यावसायिक ड्रायव्हरांची आयरेसिंगवर मालिका झाली. इंडियानापोलिसच्या शेवटच्या शर्यतीत फॉर्म्युला वनचा लँडो नॉरिस आघाडीवर होता. काही फेऱ्या उरल्या असताना सिमों पाजनो त्याच्यासमोर संथ झाला आणि नॉरिस त्याच्यावर आदळला. हा पाजनो आदल्याच वर्षी त्याच ट्रॅकवर खरीखुरी इंडी ५०० जिंकला होता. म्हणजे हाडं मोडण्याचा धोका काढून घेतला की जगातल्या उत्तम ड्रायव्हरांमध्येही असे प्रकार होतात. तिथं तुम्हाला आवरून धरणारी एकच गोष्ट उरते, तो आकडा.

आणि आकड्याने सावध होता येतं, हे आपल्या शहरात खऱ्या रस्त्यावरही आजमावलं गेलं आहे. २०२१ मध्ये नागपुरात 'आय-रास्ते' नावाचा प्रकल्प सुरू झाला. इंटेल, हैदराबादची ट्रिपल आयटी, केंद्रीय रस्ता संशोधन संस्था, महिंद्रा आणि आपली महापालिका असे सगळे त्यात होते. शहर बसना पुढचा रस्ता बघणारे कॅमेरे बसवले. पुढची गाडी फार जवळ आली किंवा लेन सुटली की चालकाला इशारा. पण मला त्यातला जास्त महत्त्वाचा भाग वाटतो तो या इशाऱ्यांच्या नकाशाचा. अपघात होऊन माणसं गेली की त्या जागेला ब्लॅक स्पॉट म्हणतात. इथं, जिथं इशारे वारंवार येतात पण अजून काही घडलेलं नाही, अशा जागा शोधल्या. त्यांना ग्रे स्पॉट म्हटलं. कोणाची चूक, हा प्रश्न तिथं निघतच नाही, कारण अजून काही झालेलंच नाही.

तरीही 'दोघांनाही चार' हा नियम रस्त्यावर जसाच्या तसा आणणं मला मान्य नाही. ट्रॅकवर सगळ्यांची गाडी सारखी, सगळे एकाच दिशेने जाणारे, प्रत्येकाला रेटिंग. रिंग रोडवर ट्रक आणि सायकल एकत्र असतात. आपल्या मोटार वाहन कायद्यातही चूक न विचारण्याची एक तरतूद आहे, कलम १६४. मृत्यू झाल्यास पाच लाख, गंभीर दुखापत झाल्यास अडीच लाख, समोरच्याचा दोष सिद्ध न करता. पण तिथं चूक विचारत नाहीत ती जखमी माणसाला लवकर पैसे मिळावेत म्हणून. दोघांनाही सारखाच दंड नाही.

भावाने मला एका रात्री हे थेटच विचारलं. "म्हणजे तू म्हणतो का त्याचा पाय त्याच्यामुळं गेला?"

मी म्हटलं, नाही. कारवाल्यामुळे गेला. चूक कोणाची हा प्रश्न पोलिसांचा, कोर्टाचा, आणि तो विचारलाच पाहिजे. पण तो प्रश्न धडकेनंतरचा आहे. धडकेच्या दोन सेकंद आधी ब्रेकवर पाय असतो तेव्हा तो प्रश्न कामाचा नाही, तेव्हा फक्त 'हा आता काय करणार' एवढंच असतं. मामा तुला दोन सेकंद आधीचं विचारतो, तू त्याला नंतरचं उत्तर देतोस.

तो काही बोलला नाही. मॉनिटर बंद करून झोपायला गेला. त्याला पटलं की नाही ते मला ठाऊक नाही आणि मीही विचारलं नाही.

मागच्या रविवारी ओकायामाला तो अकराव्या जागेवरून सुटला. पहिल्या वळणाला पुढे तीन गाड्या एकमेकींत गेल्या. हा आधीच मंद झालेला, बाजूने निघाला. मग एका ब्राझीलच्या गाडीशी तीन फेऱ्या बाजूला बाजू लावून पळाला, आत एक गाडी जागा सोडत. स्पॉटर कानात "अजून आहे, अजून आहे" म्हणत होता. हेअरपिनला त्याला आत घुसता आलं असतं, फट होती. पण ती मिटणारी फट होती, हे त्याला दिसलं. तो नववा आला. शून्य पॉइंट. रेटिंग ३.०७, रुकीचं डी लायसन्स झालं.

"नववा?" मामा म्हणाला. "आणि पोट्टे कायले नाचून राहिले मग?"

भावाने त्याला समजावलं. मामाने चहा संपवला, रिप्ले मागे घ्यायला लावला आणि हेअरपिनची ती फट दोनदा पाहिली.

चावी अजून कपाटातच आहे. मामाने दिली नाही आणि भावानेही परत मागितलेली नाही, कॉलेजला तो मेट्रो आणि शेअर ऑटोने जातो. या आठवड्यात लाइम रॉक आहे. फेरीत सातच वळणं, त्यामुळे एक धडक भरून काढायला फेऱ्या जास्त लागतात, आणि डी क्लासात गाड्या वेगवान. बुधवारी रात्री साडेदहाला बसू म्हणतोय, लाइट राहिले तर.