आवाज आला, माणूस दिसेना

आमच्या ताईचा मंगल परिणय १९९४ साली झाला. त्याची तीन तासांची व्हिडिओ कॅसेट आईने लोखंडी पेटीत जपून ठेवली होती. वडील आता हयात नाहीत. ते चालताबोलताना दिसतात, असे घरात तेवढेच एक. फितीवर बुरशी धरू लागली तेव्हा आम्ही भाच्याला साकडे घातले. त्याने कुठूनसा चालू व्हीसीआर मिळवला, कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवली आणि पेन ड्राइव्ह आणून दिला.

रविवारी सगळे टीव्हीसमोर बसलो. पडदा काळाठिक्कर आणि त्यातून वडिलांचा आवाज! पाहुण्यांना जेवल्याशिवाय जाऊ नका म्हणून विनवीत होते. आई म्हणाली, "अरे, हे बोलतायत, मग दिसत का नाहीत?" आम्हाला उत्तर सुचेना.

भाचा म्हणाला, "मामा, मी एच.२६५ मध्ये केलंय. तुमचा टीव्ही जुना आहे."

आम्ही पडलो बी.कॉम., तरी मुकाट्याने समजून घेतले. वाचकहो, एमपी४ किंवा एमकेव्ही हा नुसता डबा. आत भाजी कोणती, ते डब्यावरून कळत नाही. चित्राची पद्धत निराळी, आवाजाची निराळी. आमच्या टीव्हीला आवाजाची उमगली, चित्राची नाही. एच.२६५ आली २०१३ साली. २००३ च्या एच.२६४ पेक्षा साधारण निम्म्या जागेत ती तेवढेच चांगले चित्र देते. पण आईला वडील दिसणार नसतील तर त्या बचतीला काय करायचे?

हिशेब मात्र आमच्या हातचा. सेकंदाला २ मेगाबिट धरले तर तासाचे ७,२०० मेगाबिट. आठने भागा, ९०० एमबी. तीन तासांचे २,७०० एमबी, वर थोडा आवाज. फॅट३२ धाटणीच्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही, ही आरामात बसते. चुलतभाऊ म्हणाले, फोर-के करून घ्या. अहो, व्हीएचएसच्या फितीत तपशील जेमतेम २४० रेषांचा. तांब्याभर पाणी हंड्यात ओतले म्हणून वाढते का?

मूळ उतरवलेली डीव्ही फाईल तासाला सुमारे १३ जीबी, म्हणजे एकूण चाळीसेक जीबी. "मामा, ही उडवू का?" असे भाच्याने विचारताच आम्ही ओरडलोच. दाबून लहान केलेल्या चित्रातले गेलेले बारकावे परत येत नाहीत. अस्सल कागद कपाटात आणि मागणाऱ्याला नक्कल, हेच आम्ही कचेरीत वीस वर्षे करतो आहोत. मूळ फाईल दोन हार्ड डिस्कवर ठेवली, एक आमच्याकडे, एक ताईकडे. पाहण्यासाठी एच.२६४ चित्र, एएसी आवाज, डबा एमपी४. तीच प्रत ताईच्या मोबाईलवरही चालली.

पुढच्या रविवारी वडील दिसले. पांढरा सदरा, हातात पाण्याचा जग, पंगतीतून वाकून चाललेले. आई म्हणाली, "थांबव जरा तिथं." आम्ही रिमोटवरचे बटण शोधेपर्यंत ते पुढे निघून गेले होते. मागे घेऊन पुन्हा लावले.