फोटोमागचं नाव

आज मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. या कामापर्यंत मला ज्यांनी आणून सोडलं, त्यांतल्या कितीतरी जणांची नावंही मला ठाऊक नाहीत.

ठाऊक आहेत ते नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याचे आमचे स्टुडिओवाले काका. पासपोर्ट फोटो, लग्नं, शाळेचे ग्रुप यांवर त्यांचं घर चालायचं. पण होळी आली की कॅमेरा गळ्यात अडकवून ते अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीला निघायचे. काठीची राजवाडी होळी रात्रभर नाचते आणि पहाटे पेटते. मोरपिसांचे टोप, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरं, अंगावर पांढरी नक्षी, अशा वेशात व्रत घेऊन नाचणाऱ्या बावा-बुध्यांचे फोटो काका काढायचे. पुढच्या होळीला ते ज्याचे त्याच्या हातात नेऊन द्यायचे. प्रत्येक प्रिंट उलटी करून आधी स्टुडिओचा जांभळा शिक्का. मग पुढच्या बाजूला वळ उठू नये म्हणून हात अगदी हलका ठेवून नाचणाऱ्याचं नाव, पाडा, साल. शाळा सुटल्यावर मी तिथे रेंगाळायचे, तेव्हा पेन माझ्या हातात देऊन म्हणायचे, ‘‘नाव लिखी ठेव, पोरी.’’

चित्रकला शिकायला मुंबई-पुण्याला पाठवणं घरच्यांना परवडणारं नव्हतं. माझं कॉलेज झालं ते मोबाइलवर. 2010 साली सुरू झालेलं पिंटरेस्ट आमच्याकडे पोचलं आणि आवडलेली चित्रं एकेका बोर्डवर जमवायची मला सवयच लागली. कागद किती ओला असताना रंग सोडायचा, सावलीत निळा कुठे मिसळायचा, हे मी तिथं बघून बघून शिकले. शाईनं काढलेली एक कोंबडी अजून डोळ्यांपुढे आहे. चित्रकारानं तिचे पंख काढलेच नव्हते. पोटाखाली दाट सावली, चोच, दोन पाय. बाकी कोरा कागद. काय काढायचं नाही, ते मला त्या कोंबडीनं शिकवलं. ती कोणी काढली ते खूप शोधलं. चित्रावर टिचकी मारली की मोफत वॉलपेपरचं पान उघडायचं, तिथून तसंच दुसरं. नाव कुठेच नाही.

असं होतं याचं कारण साधं आहे. चित्रकाराच्या स्वतःच्या पानावरून चित्र जपून ठेवलं तर परतीची वाट त्याच्यासोबत राहते. कुणी स्क्रीनशॉट काढून पुन्हा चढवला की ती तुटते. आपली चित्रं कुणी उचलू नयेत असं वाटणाऱ्या संकेतस्थळांसाठी पिंटरेस्टनं 2012 साली एक कोड दिला, पण ज्याचं संकेतस्थळच नाही अशा तालुक्याच्या फोटोग्राफरला त्याचा काय उपयोग? 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं 57 वं कलम तर हक्क विकल्यावरही कलावंताचा आपल्या कृतीवर नाव सांगण्याचा अधिकार शाबूत ठेवते. तरी काठीच्या होळीचे फोटो ‘ट्रायबल डान्स’ एवढ्याच ओळीखाली फिरताना दिसतात. फोटो काढणारा जातो आणि व्रत घेऊन रात्रभर नाचलेला माणूसही जातो. मला हे दुसरं नुकसान जास्त लागतं.

माझंही एक चित्र, टोप घातलेला बुध्या, कुणीतरी नाव खोडून लग्नपत्रिकेवर छापलं. पण तेच चित्र एका अनोळखी बाईनं आपल्या बोर्डवर ठेवलं होतं. खाली माझं नाव, ‘नंदुरबार’, आणि माझ्या पानाची लिंक तशीच. त्या लिंकवरून एका प्रकाशनाच्या संपादक माझ्यापर्यंत आल्या आणि मला पहिलं पुस्तक मिळालं. म्हणून या साइट चित्रकारांना लुटतात असं कुणी सरसकट म्हटलं की मला ते पटत नाही. लुटतो तो नाव खोडणारा. जपणारीनं नाव जपलं, तर तिच्यासारखी जाहिरात पैसे मोजूनही मिळत नाही.

पुस्तकाच्या ऋणनिर्देशासाठी संपादकांनी नावं मागितली. पहिलं काकांचं लिहिलं. कोंबडीच्या चित्रकाराचं लिहायला नावच नव्हतं, याची रुखरुख आजही आहे. मग त्या बाईंचं, बोर्डवर होतं तसंच. ‘‘या कोण?’’ संपादकांनी विचारलं.

‘‘यांच्यामुळेच तर तुम्ही मला सापडलात,’’ मी म्हटलं. त्यांनी नाव ठेवलं.